कोट घातलेली बाई

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी, हे आधीच सांगून ठेवते. दाराला मिरच्या टांगलेल्या नाहीत, नजर काढणं नाही, आणि मांजर आडवं गेलं तर मी मांजराला शुक शुक करते आणि पुढे जाते. शाळेत गणित शिकवते. पोरांना रोज सांगते की स्टेप्स दाखवा, नुसतं उत्तर लिहाल तर मार्क मिळणार नाहीत. इथे येणारे भुताखेतांचे असले अनुभव मीही वाचत आले, पण खरं सांगू? हसायला वाचत होते. पैंजण वाजले म्हणे... वाजू देत की! पण आज मीच इथे लिहायला बसलेय आणि माझ्याकडे एकही स्टेप नाही, नुसतं उत्तर आहे. हसायचं असेल तर हसा.

आमचं घर भिलाईला, खुर्सीपारमध्ये. सासरे मूळचे भंडाऱ्याकडचे, शेती भावांवर सोडून स्टील प्लांटमध्ये लागले आणि नोकरीत असतानाच हे घर बांधलं. पुढे लहानसं अंगण, लोखंडी फाटक, दोन पायऱ्या आणि व्हरांडा. घराला घर लागून, इतकं की आमच्या कुकरची शिट्टी झाली तर शेजारीण गॅस बंद करायला उठते. समोर दुलारीबाईंचं किराणा दुकान. या बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दारातच बसलेल्या. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, सगळं त्यांना ठाऊक. या गोष्टीच्या वेळी घरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि माझ्या सासूबाई. मुलगा रायपूरला नोकरीला. मोठे भाऊजी, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, दुर्गला मोहन नगरमध्ये राहतात.

आणि एक शोभा. शोभा माझी नणंद, म्हणजे होती... आहे... बघा, इथेच तर सगळी गोची आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा शोभा कॉलेजात होती. आमचं चांगलं जमायचं, कारण दोघीही तोंडाच्या फटकळ. पुढे तिच्या लग्नावरून सासऱ्यांशी कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणे याच्याशीच करीन, ते म्हणत माझ्या जिवंतपणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजनांदगावला मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणून निघाली आणि मैत्रिणीकडे पोचलीच नाही. तो मुलगा तर इथेच होता, तोही वेड्यासारखा शोधत फिरत होता. पोलिसात रिपोर्ट झाला, पेपरात फोटो आला. मोठे भाऊजी नागपूर, गोंदिया, बिलासपूर सगळीकडे हिंडले. ओळख न पटलेली प्रेतंसुद्धा पाहून आले बिचारे. त्यानंतर त्यांनी मटण सोडलं ते कायमचं. सासरे वाट बघत बघतच गेले. बारा वर्षं कधीच उलटली.

बारा वर्षं म्हणायचं कारण असं की आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला त्या माणसाचं नाव देतात, अग्नी देतात, पिंड ठेवतात. माणूस गेला असं धरून चालतात. भाऊजींना हा विधी करून टाकायचा होता. त्यांच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं आणि कुणा गुरुजींनी सांगितलं होतं की घरातल्या एका जिवाची क्रिया राहिली आहे. पण मला वाटतं मुलाचं लग्न हे निमित्त. त्यांना स्वतःलाच आता कुठेतरी थांबायचं होतं. दर पितृपक्षात ते येऊन विषय काढायचे, आणि दर वर्षी आई, म्हणजे सासूबाई, एकच वाक्य बोलून आत निघून जायच्या.

"माही पोरगी जित्ती आहे. जित्त्या मानसाले अग्नी देऊ देनार नाई मी."

जिवंत माणसाचा विधी केला तर त्याचं आयुष्य तुटतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. आईंच्या दृष्टीनं हो म्हणणं म्हणजे आपल्या हातानं पोरीला मारणं. मी यातलं काही मानत नव्हते, पण या भांडणात मी नेहमी आईंच्याच बाजूनं असायचे.

आता युरोपचं सांगते. तुम्ही म्हणाल खुर्सीपारमध्ये युरोप कुठून आला?

मी थोडंफार लिहिते. नागपूरच्या एका दिवाळी अंकात माझी कथा दर दोन-तीन वर्षांनी येते. त्या वर्षी संपादकांनी दीर्घकथा मागितली आणि वर सल्ला दिला की या वेळी घरगुती नको, जरा मोठा पट घ्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घेते मोठा पट! भिलाईत वाढलेल्या आम्हा लोकांना प्लांट उभारायला आलेल्या रशियन इंजिनियरांच्या गोष्टी ऐकतच मोठं व्हावं लागतं. माझे वडील सांगायचे की ती माणसं लढाई भोगून आलेली होती आणि त्यांच्या बायका ताटात शीतसुद्धा टाकायच्या नाहीत. तर मी ठरवलं, महायुद्ध नुकतंच संपलंय, युरोपातलं एक पडकं शहर आहे, आणि एक आई हरवलेली मुलगी शोधतेय. शहराचं नाव मी मुद्दामच दिलं नाही.

कुठलीही गोष्ट अर्धवट करायची मला सवय नाही. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीपासून मी अभ्यासाला लागले. इंटरनेटवरचे जुने फोटो, लोकांच्या आठवणी, लायब्ररीतली पुस्तकं. त्या काळी पाव कसा मिळायचा, त्यात काय काय मिसळायचे, कोळसा नसला तर लोक काय जाळायचे, रूळ कुठे तुटले होते. आणि सगळ्यात जास्त वाचलं ते हरवलेल्या माणसांबद्दल. कैदेतून, छावण्यांतून परत येणाऱ्यांच्या गाड्या यायच्या तेव्हा स्टेशनांवर बायका उभ्या असायच्या. छातीशी पुठ्ठा, त्याच्यावर फोटो आणि नाव. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडासमोर पुठ्ठा धरायच्या, याला पाहिलंत का? आणि मग काही काळानं सरकारी माणूस म्हणायचा की सही करा, गेला म्हणून मान्य करा, म्हणजे पुढचं काम होईल. कित्येकींनी शेवटपर्यंत सही केली नाही.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. मी कुणाची गोष्ट लिहायला निघाले होते ते मला तेव्हा कळलं.

आईंना मोतीबिंदू, वाचता येत नव्हतं. दुपारी मी शाळेतून आले की जेवणं उरकून आम्ही व्हरांड्यात बसायचो. त्या भाजी निवडायच्या आणि मी माझं टिपण त्यांना मराठीतून सांगायचे. फक्त टिपण हं, कथा नाही. अर्धवट कथा मी कुणालाही दाखवत नाही. स्टेशनवरच्या बायकांचं सांगितलं तेव्हा आईंचा हात थांबला. म्हणाल्या, दिवसभर उभ्याच राहत होत्या काय, कोनी बसाले नाई देत होतं? मी म्हटलं बसल्या तर गाडी चुकेल ना, आई. मेथीची एक जुडी संपवली आणि दुसरी सोडली.

श्रावण लागला होता. एक दिवस मी शाळेतून आले तर आई म्हणाल्या, एक बाई येऊन गेली. मी चप्पल काढता काढता विचारलं, कोण बाई? म्हणाल्या, गोरी होती, कोट घालून होती, तहानेनं जीव जाऊन राहिला होता तिचा. पाणी दिलं, पोळी दिली. मला वाटलं साडी नाहीतर मसाले विकणारी कुणी असेल. पण श्रावणात, त्या चिकचिकीत उकाड्यात, कोट? मी हसून म्हटलं, आई, वेडी असेल, फाटक लावून बसत जा.

आई म्हणाल्या, वेडी नव्हती. अर्धी पोळी खाल्ली आणि अर्धी कोटाच्या खिशात ठेवली. पोरीसाठी ठेवली.

मी हात धूत होते. नळ चालूच राहिला.

मार्ता, म्हणजे माझ्या कथेतली आई, मिळालेल्या पावातला अर्धा खाते आणि अर्धा खिशात ठेवते. मुलगी भेटली तर रिकाम्या हातानं कसं भेटायचं म्हणून. हे मी त्याच दिवशी, शाळेत, फ्री पिरियडमध्ये लिहिलं होतं. ते कुणाला वाचून दाखवलेलं नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली की कुठली तरी आई पोरांसाठी पोळी ठेवतेच, त्यात काय मोठं. योगायोग. आणि पावाच्या गोष्टी तर मी आईंना रोजच सांगत होते. मनात राहिलं असेल. तरी समोर जाऊन दुलारीबाईंना विचारलंच. त्या मराठी समजतात, बोलतात छत्तीसगढीत. म्हणाल्या, कोनो नइ आए हे दीदी, मैं तो इहेंच बइठे हँव. कुणीच आलं नव्हतं. वर मलाच विचारलं, काबर, का होगे, म्हणजे का, काय झालं? मी काही नाही म्हटलं आणि साखर घेऊन परत आले. साखर घरात भरपूर होती.

चार-आठ दिवस बरे गेले. मग आई म्हणाल्या की ती पुन्हा आली होती, आणि तिच्या पायात पुरुषमाणसाचे जोडे होते, हे एवढाले, चालताना फटक-फटक करत होते.

आता मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. मार्ताच्या पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट आहेत, आत कागदाचे बोळे कोंबलेले. टिपणात बुटांचा एक शब्दही नव्हता. तो सगळा माझा कल्पनेचा माल! लॅपटॉपला पासवर्ड आहे आणि आईंना तर टीव्हीचा रिमोटसुद्धा जमत नव्हता.

मी काय केलं असेल? मी चिडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. आईंवरच ओरडले, कुणालाही घरात घ्यायचं नाही म्हणून. मग ह्यांना म्हटलं की आईंना डॉक्टरला दाखवू. प्लांटच्या सेक्टर वसाहतीतल्या एका ओळखीच्या डॉक्टरांनी पाऊण तास तपासलं. वार, महिना, नातवाचं नाव, वजाबाकी, सगळं विचारलं. आईंनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर डॉक्टरांना म्हणाल्या, बापू, तुह्या शर्टाची गुंडी उलटी लागली आहे. डोकं एकदम शाबूत. डॉक्टर म्हणाले, वय झालं, दुपारची झोप लागते, स्वप्न आणि जागेपण यांची गल्लत होते. मला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मग तो शनिवार आला. शाळा लवकर सुटते. मी फाटकाशी आले तर व्हरांड्यात आई बोलत होत्या. आवाज येत होता, पण त्या हळू बोलत होत्या, म्हणून शब्द कळले नाहीत. मध्येच थांबायच्या, ऐकल्यासारखं, आणि मग पुन्हा बोलायच्या. मी फाटक ढकललं. आई एकट्याच होत्या. समोर पाटावर रिकामा पेला.

आणि पायऱ्यांवर ओले ठसे होते. बुटांचे, मोठ्या बुटांचे. खालच्या पायरीवर, वरच्या पायरीवर, मग व्हरांड्याच्या लादीवर पाटापर्यंत. तिथून परत जाणारे नव्हते.

आता पावसाळ्यात ओले ठसे म्हणजे काही नवल नाही, हे मलाही कळतं. पण सकाळपासून कडक ऊन होतं, अंगणातली माती वाळलेली होती. मी आतून फडकं आणलं आणि पुसायला बसले. बाईमाणूस, दुसरं काय करणार? हात लावला आणि मागे घेतला. ते पाणी इतकं गार होतं की बोटांची हाडं ठणकली. फ्रीजमधलं पाणी सांडलं असेल म्हणाल तर फ्रीज बंद होता, सकाळपासून लाइट गेलेली होती. मी फडकं तिथेच टाकलं आणि आईंच्या शेजारी जाऊन त्यांचा हात घट्ट धरून बसले. मी घाबरले होते. सरळ सांगते, फार घाबरले होते.

आई म्हणाल्या, भिऊ नको, गरीब आहे बिचारी. मी विचारलं, तुम्ही तिच्याशी बोलता कोणत्या भाषेत? त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी.

"दोघीयच्या पोरी हरवल्या. भाषा कायले लागते?"

मी लिहिणं बंद केलं. संपादकांचे फोन येत होते, मी उचलत नव्हते. मला वाटत होतं की माझ्या त्या बाईला मीच बोलावून आणलंय आणि ती आईंना कुठेतरी ओढून नेतेय. पण कथा डोक्यातून जाईना. पोळी लाटताना ती पुढे सरकायची, वर्गात फळ्याकडे वळले की सरकायची. शेवटी एका रविवारी बसले आणि एका बैठकीत संपवून टाकली. म्हटलं, संपली की सुटका. शेवट असा झाला. थंडी संपता संपता मार्ता त्याच स्टेशनवर, बाकावर मरते, बेवारस म्हणून तिला पुरतात. आणि पुढच्या वसंतात, अनाथ मुलांच्या गाडीतून तिची मुलगी उतरते. मोठी झालेली. त्याच फलाटावर उभी राहते आणि इकडे तिकडे बघते. बस्स. हा शेवट लिहिताना मी रडले आणि फाइल बंद केली. ह्यांनासुद्धा सांगितला नाही. संपादकांनाही पाठवला नाही, अजून एकदा हात फिरवायचा होता.

त्याच आठवड्यात पितृपक्ष लागला आणि भाऊजी आले. चहा झाला, घसा खाकरून त्यांनी विषय काढला. मी स्वयंपाकघरातून आईंच्या वाक्याची वाट बघत होते. आई म्हणाल्या, करा. यंदा करून टाका.

माझ्या हातातला झारा पडला. भाऊजींना तर विश्वासच बसेना, दोनदा विचारलं त्यांनी. ते गेल्यावर मी ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, म्हातारीला दमवून दमवून हो म्हणायला लावलंत तुम्ही दोघा भावांनी. हे म्हणाले, आम्ही कुठे काय बोललो? तेही खरंच होतं. मग मी आईंकडे गेले. त्या वाती वळत होत्या. मी म्हटलं, आई, मनात नसेल तर मी भाऊजींना सांगते, मी बोलते त्यांच्याशी. त्या एवढंच म्हणाल्या की तू उगीच तोंड नको घालू, होऊन जाऊ दे. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. शोभासाठी उभं राहणारं माणूस आता उरलं नाही, असं वाटलं.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी आम्ही दुर्गला शिवनाथ नदीच्या घाटावर गेलो. गुरुजी म्हणाले, बायकांनी नाही आलं तरी चालतं. आई म्हणाल्या, मी माय आहे. पळसाची पानं मांडून माणसाचा आकार केला. डोक्याच्या जागी नारळ. गुरुजींनी नाव विचारलं, भाऊजींनी शोभा म्हणून सांगितलं. अग्नी दिला. ओली पानं चरचरत जळली, धूर खाली नदीकडे गेला. आई शांतपणे बघत होत्या. माझ्याच्यानं बघवलं नाही.

मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकले. सर्वपित्रीला घाटावर कावळ्यांना काय तोटा? शेजारी दोन कुटुंबांचे पिंड होते, त्यांना कावळे शिवले. मध्ये आमचा पिंड, त्याला एकही कावळा चोच लावेना. येत होते, बाजूला बसत होते, मान वाकडी करून उडून जात होते. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, मग घरचे लोक वचन देतात, हे तुम्हाला माहीतच आहे. भाऊजी पुढे झाले, हात जोडले. म्हणाले, शोभे, बाबांचं चुकलं गं, आणि माझंही चुकलं, मी मध्ये पडायला पाहिजे होतं. कावळा आला नाही. हे पुढे गेले, काहीतरी पुटपुटले. नाही आला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. भाऊजी खालीच बसले, तोंड झाकून.

तेव्हा आई उठल्या. मी आधार द्यायला बरोबर गेले, म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. पिंडाकडे वाकून त्या अगदी हळू, शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"बाई, तुही पोरगी आली होती. तू गेल्यावर आली, त्याच ठेसनावर. चांगली मोठी झाली होती. जा आता तू."

आम्ही दोन पावलंही मागे आलो नव्हतो. कावळा माझ्या पदराजवळून खाली उतरला आणि पिंडाला शिवला. एकामागून एक चार-पाच उतरले.

भाऊजी लहान पोरासारखे रडले. आईंच्या गळ्यात पडून म्हणत होते की मोकळी झाली, आई, आपली शोभा मोकळी झाली. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हो रे बाबू, हो रे बाबू म्हणत होत्या. मी पायरीवर बसले आणि कुणीतरी मला पाणी दिलं.

घरी येऊन आंघोळी झाल्या. हे झोपले. मी आईंच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि म्हटलं, आई, तिची मुलगी नंतर आली हे तुम्हाला कुणी सांगितलं? आई म्हणाल्या, तिनंच सांगितलं. पण पोरगी आली तेव्हा ती मेलेली होती ना, मग तिला कसं कळलं, असा प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. गणिताची सवय. विचारला नाही.

मग आईंनी स्वतःच सांगितलं.

"तिचं कोनी उरलं नाई पानी द्यायले. म्या म्हनलं, आमच्या इथं एक पिंड ठेवून राहिले, तूच घे. पोराचं समाधान होईन, तुही सोय होईन."

"आणि शोभा?"

"तिले कायले पिंड? जित्ती आहे ती."

ती बाई त्यानंतर आली नाही. आईही तिची वाट पाहत नव्हत्या.

पण मी हादरले होते. मनात एकच घोळत होतं की आई गेल्यावर मुलगी येते, हे मीच लिहिलं आहे. मीच! आणि लिहिलेलं असं चालत दारात येत असेल तर? कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्याच दिवशी मी शेवट बदलला. मार्ता बाकावर बसली आहे, जीव आहे अजून, गाडी येते, मुलगी उतरते आणि आईला ओळखते. बदललेली कथा संपादकांना पाठवली. त्यांना फार आवडली. वाचकांची पत्रं आली, शेवट वाचून डोळे भरून आले म्हणून.

अंक आला तेव्हा आई म्हणाल्या, वाचून दाखव. मी सगळी वाचली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवट झाला. मग म्हणाल्या, असं नाई झालं. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"राहू दे. वाचनाऱ्यायले बरं वाटते. पन तुले माहीत असू दे. माहीवाली बी मी गेल्यावरच येईन. तवा तिले कुठी होती, कावून गेली, काही विचारू नको. पहिले जेवू घालजो."

मी म्हटलं असलं अभद्र बोलू नका, आणि उठून मोरीत जाऊन रडले.

आई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी, पौषात. शांतपणे गेल्या, झोपेत. त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला.

मी पुष्कळ विचार केला आहे. झोपेत बडबडते का म्हणून ह्यांना विचारलं, तर म्हणाले बडबडत नाहीस, घोरतेस. मी लिहिताना पुटपुटत असेन आणि आईंनी ऐकलं असेल, हेही धरून बघितलं. पण शाळेत लिहिलेलं कसं ऐकलं? आणि त्या ठशांचं काय? गार पाण्याचं काय? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त मला मोतीबिंदू आणि म्हातारपण हे दोन शब्द सांगू नका.

आता हे रिटायर झालेत. मुलगा रायपूरला बोलावतोय, मोठा फ्लॅट घेतलाय त्यानं. खुर्सीपारच्या घराला गिऱ्हाईकही आलं आहे, भाऊजी तयार आहेत, हे तयार आहेत. अडलंय फक्त माझ्यापाशी. मी कधी म्हणते रायपूरचं पाणी मानवत नाही, कधी म्हणते सुनेच्या राज्यात राहायचं नाही, कधी दुलारीबाईंचं नाव पुढे करते. सगळे वैतागले आहेत माझ्यावर, आणि खरं कारण मी कुणालाच सांगत नाही. शोभाला दुसरा पत्ता माहीत नाही. ती आली तर इथेच येणार. म्हणून दुपारचा स्वयंपाक मी अजूनही एका माणसाचा जास्त करते आणि संध्याकाळी हे कुरकुर करत शिळं खातात.